नऊ पायऱ्यांचा धक्का

"आता असं समज, तू समुद्रकिनाऱ्यावर बसला आहेस," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या.

ईशानने मिटलेले डोळे ताडकन उघडले. "कुठल्या?"

"तुला आवडेल त्या."

"तिथी कोणती? भरती आहे की ओहोटी?"

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. माझ्या पोटात गोळा आला. असल्या प्रश्नांना लोक हसतात नाहीतर वैतागतात, हे मी पंधरा वर्षं बघत आलेय. मॅडमनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "तिथीवरून भरती कळते? मला नाही माहीत. सांगशील?"

त्या दिवशी संमोहन झालंच नाही. अर्धा तास ईशान त्यांना पाऊणपटीचं गणित शिकवत होता. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आली पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. ह्या हिशोबात भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, प्रत्यक्षात साधारण पन्नास मिनिटं. हे त्याला त्याच्या आजोबांनी शिकवलं. छापील कोष्टकात काही मिनिटांचा फरक निघतो, तोही तो वहीत लिहून ठेवतो. परतीच्या वाटेवर ह्यांनी विचारलं, "पैसे गेले ना फुकट?" मला मात्र पहिल्यांदाच वाटत होतं की आपण योग्य दारात आलोय.

ईशान (हे नाव बदललेलं आहे) चार वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. मराठीत स्वमग्नता म्हणतात, मला तो शब्द कधी पटला नाही. स्वतःत मग्न असलेल्या मुलाला घरातल्या प्रत्येकाच्या चपलांचा आवाज ओळखू येईल का? त्याला जग कमी नाही, फार जास्त ऐकू येतं. मिक्सर, शाळेची घंटा, पत्र्यावरचा पाऊस, सगळं एकाच वेळी आणि एकाच जोराने. लहानपणी तो कानावर हात ठेवून माझ्या कुशीत शिरायचा. तेरावं लागलं, आवाज फुटला, उंची माझ्यावर गेली, आणि ते कुशीत शिरणंही बंद झालं. त्या जागी आलं ते डोकं भिंतीवर आपटणं, मनगट चावणं, आणि नंतर तासन्‌तास पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहणं. ऑटिझम असलेल्या मुलांचे पालक याला मेल्टडाउन म्हणतात. आमच्या घरात भाऊंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला उधाण म्हणायला सुरुवात केली आणि तोच शब्द रुळला. हट्ट आणि उधाण यांत फरक आहे. हट्ट करणारं मूल आपल्याकडे बघत असतं. उधाणात ईशान कुणाकडेच बघत नाही.

त्यात २०२१ चा पूर. तेव्हा आम्ही चिपळुणात राहायचो, तळमजल्यावर. २२ जुलैला पहाटे पाणी घरात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो आणि अकरा वर्षांचा ईशान जिन्यात बसून बुडालेल्या पायऱ्या मोजत राहिला. रडला नाही, ओरडला नाही. सगळे म्हणाले, किती शहाणा मुलगा. त्यानंतर आम्ही गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी, भाऊंच्या घरी आलो. खाडीकाठचं घर, पुढे माड, मागे आगर. शांतता मिळेल असं वाटलं होतं. पण जूनमध्ये पहिली मोठी सर पत्र्यावर आली की ईशानचा जबडा आवळायचा, आणि मग चार महिने तेच.

विचारलं, "भीती वाटते का?" तर उत्तर "माहीत नाही." राग आलाय? "माहीत नाही." मी समजायचे की तो सांगायचं टाळतोय. नंतर कळलं, त्याला खरोखरच माहीत नसतं. आतल्या भावना ओळखता आणि सांगता न येण्याला अलेक्झिथायमिया म्हणतात, आणि ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांमध्ये ती अडचण असते. पोटात कालवतंय, छाती धडधडतेय, हे शरीराचे निरोपच नीट पोचत नाहीत. पोचतात तेव्हा उधाण आलेलं असतं.

संमोहनाकडे आम्ही एकदम गेलो नाही. आधी मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, आणि हे मी मुद्दाम लिहितेय. त्यांनी मनाबद्दल बोलण्याआधी शरीर तपासायला लावलं. झोप, बद्धकोष्ठता, फिट येतात का, कान, दात. ऑटिझम असलेल्या मुलांत फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून मेंदूचा आलेखही काढला. तो ठीक आला. पण डाव्या बाजूची एक दाढ आतून पूर्ण किडलेली निघाली. किती महिने दुखत असेल, देव जाणे. त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. दाढेवर उपचार झाले आणि पुढच्या महिन्यात उधाणं निम्म्यावर आली. मी त्या रात्री देवासमोर बसून खूप रडले. मूल भिंतीवर डोकं आपटत होतं आणि मी त्याला समजुतीच्या गोष्टी सांगत होते.

मधे एक वाईट वळण आलं. एका नातेवाइकांनी सुचवलं म्हणून मोठ्या शहरातल्या एका संमोहनवाल्यांकडे गेलो. भिंतीवर प्रमाणपत्रं खूप, पण मानसशास्त्राची पदवी एकही नव्हती. हे मला तेव्हा बघायचं सुचलं नाही. "तीन बैठकांत मुलगा नॉर्मल," असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या बैठकीत आम्हाला बाहेर बसवलं. ईशान बाहेर आला आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, "मी मागच्या जन्मी बुडून मेलो." जो मुलगा प्रत्येक शब्द जसाच्या तसा धरतो, ज्याने पुराचं पाणी जिन्यावरून चढताना पाहिलंय, त्याला हे सांगितलं गेलं होतं. पुढचे तीन महिने त्याने बादलीत हात घातला नाही. ओल्या फडक्याने अंग पुसून शाळेत जायचा. रात्री विचारायचा, "मी किती वाजता मेलो?" त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

म्हणून आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी जेव्हा रत्नागिरीतल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव दिलं आणि त्या गरज पडल्यास संमोहनही वापरतात असं सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. हे तयार झाले, तेही वाचून. १८४५ मध्ये, क्लोरोफॉर्म यायच्या आधी, बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने रुग्णांना मेस्मेरिझमच्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या प्रकाराच्या, गुंगीत ठेवून शस्त्रक्रिया केल्या होत्या, हे यांना कुठेतरी सापडलं. "दुखणं जर असं थांबू शकतं, तर एकदा विचारून तरी बघू," म्हणाले.

पहिल्या भेटीला फक्त आम्ही दोघं गेलो. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला, तिथून रत्नागिरी. मी बसल्या बसल्या विचारलं, "तुमची नोंदणी कुठली?" त्या रागावल्या नाहीत. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक दाखवला आणि म्हणाल्या, "हे सगळ्यांना विचारत जा." मग त्यांनी काय होणार नाही ते आधी सांगितलं. ऑटिझम जाणार नाही, कारण तो घालवण्याची गोष्ट नाही. पुराच्या आठवणी त्या उकरणार नाहीत. संमोहनात माणूस सूचना पटकन घेतो, त्यामुळे न घडलेल्या गोष्टीही घडल्यासारख्या वाटू लागतात. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फाइल नव्हे. पूर्वजन्म वगैरे तर नाहीच. दुखणं कमी करायला, आयबीएस नावाच्या पोटाच्या विकारात, उपचारांच्या भीतीवर संमोहनाचा उपयोग चांगला अभ्यासला गेलाय, पण ऑटिझम असलेल्या मुलांबद्दल मात्र पुरावा अगदी थोडा आहे, बहुतेक एकेकट्या मुलांच्या नोंदी. चिंतेवर विचार आणि वागणूक बदलण्याच्या उपचारपद्धतीला, म्हणजे सीबीटीला, जास्त आधार आहे, म्हणून मुख्य काम तेच असेल आणि संमोहन त्याच्या जोडीला. "आणि एक," त्या म्हणाल्या, "त्याला त्रास होणाऱ्या गोष्टी तशाच ठेवून त्या सहन करायला शिकवणं मी करणार नाही. आधी पत्र्याचं बघा."

आम्ही पत्र्याचं बघितलं. त्याच्या खोलीच्या पत्र्याखाली जाड छत घालून घेतलं. कानावर लावायचे आवाज अडवणारे हेडफोन आणले. शाळेत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घेऊन, प्रमाणपत्र दाखवून, परीक्षेला वेगळी खोली मागितली आणि मिळाली. ह्या तीन गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा कदाचित पुढच्या सगळ्याने पडला नसेल.

ईशानला आम्ही विचारलं. त्याने वहीत अकरा प्रश्न लिहिले. "मी झोपणार का? झोपलो तर तुमचं ऐकू कसं येईल?" मॅडमनी त्या अकराही प्रश्नांची उत्तरं लेखी दिली. संमोहन म्हणजे झोप नाही. जेम्स ब्रेड नावाच्या डॉक्टरने १८४० च्या दशकात ग्रीकांच्या निद्रादेवतेवरून हिप्नोटिझम हा इंग्रजी शब्द रुजवला, म्हणून सगळ्यांचा गैरसमज होतो. तू फेरीबोटीतून पाण्याकडे बघतोस आणि आईने हाक मारलेली ऐकू येत नाही, तसं काहीसं. हवं तेव्हा थांबता येईल, बोलायला नको, टेबलावरचं लाल कार्ड उलटं केलं की झालं. आई खोलीतच बसेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाचून झाल्यावर ईशानने खाली "चालेल" लिहिलं आणि तारीख घातली. तेव्हाच काम सुरू झालं. २०२४ चा सप्टेंबर होता तो.

पहिल्या बैठकीचं वर सांगितलंच. दुसरीतही घोटाळे झाले. "तुझे हात जड होतायत," असं म्हटल्यावर ईशान म्हणाला, "नाही झाले." "होतील कदाचित," यावर त्याचा चेहराच त्रासला, कदाचित हा शब्द त्याला सोसत नाही. मॅडमनी वाक्यं बदलली. जे खरं आहे आणि तपासता येतं तेवढंच बोलायचं. पाठ खुर्चीला टेकलीय. पाय जमिनीवर आहेत. पंखा फिरतोय. श्वास बाहेर जातोय. डोळे मिटायची सक्ती नाही, भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं तरी चालेल. मी पाहत होते, त्याचे खांदे खाली आले. पंधरा वर्षांत मी ते खांदे झोपेतसुद्धा इतके खाली आलेले पाहिले नव्हते.

तिसऱ्या बैठकीत त्यांनी विचारलं, शांत होण्यासाठी मनात जायला तुला कुठली जागा हवी? ईशान म्हणाला, "धक्का."

आमच्या खाडीवर एक जुना दगडी धक्का आहे, नऊ पायऱ्यांचा. भाऊ त्याला रोज तिथे नेतात, पाणी कितव्या पायरीवर आहे ते बघून वहीत लिहायला. हे ऐकताच माझा जीव घाबरा झाला. पायऱ्या आणि चढणारं पाणी! चिपळूणच्या जिन्यात हेच तर झालं होतं. मी हात वर केला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि ईशानलाच विचारलं, "पुरात पण पायऱ्यांवर पाणी चढलं होतं ना? मग धक्का चालेल?"

ईशान बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या दिवशी त्रयोदशी होती. पावणेदहाची भरती. पण पाणी पावणेदहानंतर उतरलं नाही. ते चुकीचं पाणी होतं. धक्क्याचं पाणी वेळेवर उतरतं."

तीन वर्षं मी समजत होते की त्याला पाण्याची भीती वाटते. त्याला ते पाणी खोटं बोललं, याचा धक्का बसला होता. वाशिष्ठी नदीला भरतीचं पाणी चिपळूणपर्यंत येतं, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं. तो जिन्यात बसून ओहोटीची वाट बघत होता. आणि आम्ही म्हणत होतो, किती शहाणा.

मग धक्काच ठरला. मॅडम पंख्यापासून, खुर्चीपासून सुरुवात करायच्या, श्वास मोजायच्या, आणि मग म्हणायच्या, "तू धक्क्यावर उभा आहेस. पाणी कितव्या पायरीवर आहे?" तो आकडा सांगायचा. कधी चार, कधी सहा. शरीरात काय काय होतंय ते प्रत्येक आकड्याला जोडून घेतलं. तिसरी म्हणजे कानशिलं गरम. पाचवी म्हणजे जबडा आवळलेला. सहावीला हाताची बोटं आपोआप वळतात. सातवीच्या वर शब्द नसतात. मग तिथी म्हणत पाणी एकेक पायरी उतरवायचं, अंगठा बोटांच्या पेरांवर सरकवत. आणि शेवटी एकच सूचना, दर वेळी तीच, शब्द न बदलता: "पाणी पाचव्या पायरीवर आलं की तू आईला आकडा सांगतोस." भीती नाही, राग नाही, नुसता आकडा.

घरी रोज रात्री साडेआठला ऐकायला मॅडमनी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रण करून दिलं. ईशानने एकदा ऐकलं आणि परत दिलं, मधे त्यांच्या श्वासाचा आवाज येतो म्हणून. माझा आवाज नको, बाबांचा घाईचा. शेवटी त्याने आजोबांना निवडलं. भाऊंचा ह्या सगळ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी ईशानसाठी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलेलं होतं, आणि तेवढं पुरेसं आहे असं त्यांना वाटायचं. पण नातू वही घेऊन पुढे उभा राहिला. भाऊंनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि म्हणायला सुरुवात केली, "प्रतिपदा, पाऊण. द्वितीया, दीड." नऊ मिनिटांचं ध्वनिमुद्रण. मागे कुठेतरी कावळा ओरडतो. तो कावळा ईशानला चालतो.

एकूण आठ बैठका झाल्या, एकेकीसाठी पूर्ण दिवस आणि फेरीबोटीचा खर्च. मी कॅलेंडरवर प्रत्येक उधाणाला लाल टिंब करायचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अकरा टिंबं होती, डिसेंबरमध्ये चार. पण डिसेंबरात पाऊसही नसतो, हे मॅडमनीच लक्षात आणून दिलं. श्रेय घ्यायची घाई त्यांनी कधी केली नाही.

मार्चमध्ये शिमगा आला. पालखी दारात आली, ढोल वाजू लागले, आणि पाहुण्यांच्या गडबडीत हेडफोन सापडेनात. ईशान एकदम नवव्या पायरीवर गेला. मी वेड्यासारखी फोन त्याच्या कानाशी नेला, भाऊंचा आवाज लावला. त्याने फोन भिंतीवर फेकला आणि स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला, रक्त येईपर्यंत. मी मॅडमना रडत फोन केला की सगळं फुकट गेलं. त्या म्हणाल्या, धक्का पाण्याखाली गेल्यावर पायऱ्या मोजता येत नाहीत. तेव्हा अंधारी खोली, कमी माणसं, हात न लावणं, आणि वाट बघणं. ध्वनिमुद्रण पाचव्या पायरीपर्यंतचं आहे. ही चूक माझी होती, त्याची नव्हती. पुढच्या शिमग्याला पालखी येण्याआधी तो आणि भाऊ खाडीच्या पलीकडे आत्याकडे जातील, असं ठरलं. देवी समजून घेईल, हे भाऊच म्हणाले.

काही पालक मला विचारतात, आम्हीही नेऊ का? मी त्यांना आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवते. मग सांगते, नोंदणी विचारा, खोलीत बसू देतात का बघा, मुलाला स्वतःला हवंय का ते त्याच्याच पद्धतीने विचारा, आणि कुणी बरं करून देतो म्हणालं तर उठून निघा. मनात चित्रंच उभी राहत नाहीत अशीही मुलं असतात, त्यांना धक्का-बिक्का काही उपयोगाचा नाही. ज्यांना भास होतात त्यांच्यासाठी हा मार्ग नाही, तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवेत.

२०२५ च्या जुलैमध्ये, रात्री दोनच्या सुमाराला, तुफान पाऊस लागला होता. वीज गेलेली. छत घातलेलं असूनही आवाज येत होता. माझ्या दाराशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. ईशान होता, हेडफोन लावून, अंगठा पेरांवर.

"आई, पाच."

पंधरा वर्षांत त्याने उधाण येण्याआधी मला कधी काही सांगितलं नव्हतं. मी उठून बसले. हात लावला नाही. "बरं. आता काय करू या?"

"फोनची बॅटरी संपली. आजोबांना उठव."

भाऊंचं वय ऐंशीच्या पुढे. हाक मारताच उठले, कशाला म्हणून विचारलं नाही. कंदील लावला, ओटीवर बसले, ईशान त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि भाऊ डोळे मिटून, अर्धवट झोपेत म्हणत होते, "प्रतिपदा, पाऊण. द्वितीया, दीड. तृतीया, सव्वादोन. चतुर्थी, तीन. पंचमी, पावणेचार. षष्ठी, पावणेपाच."

"साडेचार," ईशान म्हणाला.

"साडेचार," भाऊ म्हणाले. "सप्तमी, सव्वापाच."